मागून येणारी चव

द्राक्ष दातांखाली फुटलं आणि इस्तारीचा उजवा हात आपसूक हनुवटीखाली जाऊन पसरला. तो तिथंच राहिला. तोंडात थंड गोड पाणी झालं, साल जिभेवर घोळली, घशाखाली गेली, तरी हात तसाच, तीर्थ घ्यायला धरावा तसा. समोर फरशीवर पाय पसरून बसलेली रोशनी थोडा वेळ बघत राहिली आणि मग खुदकन हसली. "आबाजी, काय मागून राह्यले?" इस्तारीनं आपल्या हाताकडे पाहिलं. हात रिकामा होता. "बी," तो म्हणाला. "याच्यात बी नसते ना," रोशनी म्हणाली, आणि ते त्याला माहीत असायलाच हवं होतं अशा थाटात तिनं आणखी एक द्राक्ष देठावरून उपटून तोंडात टाकलं. आतल्या खोलीत कूलर घरघरत होता. खिडकीच्या कडेवर सकाळी पुसलेली काळी धूळ पुन्हा बसली होती; कोळशाच्या गावात ती दिवसभर बसतच असते. इस्तारीनं हात लुंगीला पुसला, जणू त्यावर काही सांडलं होतं.

बी नसते हे त्याला ठाऊक होतं. चार वर्षं तो या चंद्रपुरात तुकूम वस्तीतल्या दोन खोल्यांत पोराजवळ राहत होता, आणि दर फागुनात धनराज पिशवी भरून हीच हिरवी लांबट द्राक्षं आणत होता. पण हात आज पहिल्यांदाच असा पुढे आला, आणि आला म्हणूनच त्याला कळलं, की बियांखेरीजही काहीतरी नाही. गावाकडच्या द्राक्षात गोड संपल्यावर मागून काहीतरी यायचं. जिभेच्या मुळाशी, गिळून झाल्यावर, आता संपलं असं वाटत असताना यायचं. काय यायचं ते? त्यानं तोंड मिटून जीभ टाळूला लावली आणि वाट पाहिली. काही आलं नाही. आंबट होतं का? तुरट? ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडावं तसं ते अडलं होतं, आणि जितकं ओढावं तितकं आत जात होतं. त्यानं दुसरं द्राक्ष खाल्लं, तिसरं खाल्लं. नुसतं गोड पाणी. त्याला एकाएकी भीती वाटली. भिंतीवर त्याच्या बायकोचा, कुंताचा फोटो होता, आरमोरीच्या स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेला धबधबा, आणि त्यापुढे पदर घट्ट धरून, कुणी ओरडेल अशा नजरेनं पाहणारी बाई. ती गेली त्या वर्षी फोटो पाहिला की त्याला राग यायचा, कारण कुंता अशी दिसत नव्हती. मग हळूहळू डोळे मिटले तरी हाच फोटो दिसायला लागला. धबधबासुद्धा दिसायचा. तिचा आवाज कधी गेला तेही समजलं नव्हतं. घरातली एकेक वस्तू कुणी रोज उचलून न्यावी आणि धन्याला घर मोकळं झाल्यावर कळावं, तसं झालं होतं. ती मागून येणारी चव तेवढी राहिली आहे असं त्यानं कधी ठरवलं नव्हतं, पण ती आतापर्यंत होती, आणि तिचा काही फोटो नव्हता.

संध्याकाळी धनराज कामावरून आला, बूट काढता काढता म्हणाला, "बाबा, गावचा फोन होता. रस्ता रुंद करून राह्यले. आपल्या मोहाले लाल चट्टा मारला म्हनते."

"कोन म्हनते?"

"रुखमाबाईचा पोरगा. मागचं आंगण पुरं जाते, घराले काई नाई होत. झाड मातर जाते. दोन-चार दिवसात मशीन येऊन राह्यली."

"आन वेल?"

"कोनता वेल?"

सून भाग्यश्री चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "मामाजी, तो अंतूभाऊचा वेल म्हनत असतीन." धनराज हसला. "तो कुठी राह्यला आता? पानी कोन देते त्याले? वारला असन केव्हाचा." इस्तारीनं चहा बशीत ओतला आणि फुंकत बसला. वेल काय माणूस आहे वारायला, असं त्याला म्हणायचं होतं. पण त्यानं म्हटलं, "मी सकाळच्या गाडीनं जातो." "या उन्हात? काऊन?" "पाहून येतो." धनराजनं बायकोकडे पाहिलं, बायकोनं कपाकडे. म्हाताऱ्याला काही सांगून उपयोग नाही, हे दोघांनी एकमेकांना न बोलता सांगितलं.

गाडी मूल, सावली अशी गावं घेत चालली होती आणि इस्तारी खिडकीशी बसून पळसाकडे बघत होता. पळस लाल झाला होता, पण त्याचं मन तिकडे नव्हतं. अंतूभाऊचं खरं नाव अंतोनिओ. विहिरी पाडायच्या कामावर कुण्या संस्थेनं आणलेला परदेशी माणूस, उन्हानं भाजून विटेसारखा झालेला, उंच, हाताची बोटं जाड, शेतकऱ्याची. गावात भाड्याची खोली असा प्रकार नव्हता. इस्तारीच्या गोठ्याची अर्धी बाजू लिंपून दिली आणि तो तिथं दोन उन्हाळे राहिला. मराठी तुटकी बोलायचा, हिंदी त्याहून तुटकी, आणि दोन्ही संपल्या की हातांनी बोलायचा. दुसऱ्यांदा आपल्या मुलुखाहून आला तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या घेऊन आला. काड्या पाहून कुंता म्हणाली, "एवढ्या दुरून जळतन आनलं का गा?" त्यानं त्या मागच्या अंगणात, मोहाजवळ, मोरीच्या कडेला लावल्या, मांडवाच्या खांबाशी, जिथं कुंताचे दोडके चढायचे. एक सोडून बाकीच्या वाळल्या. जी जगली तिचं नाव त्यानं सांगितलं, वेर्मेंतीनो. पांढऱ्या दारूचं द्राक्ष. त्याचं गाव एका बेटावर, तिथं ही वेल दगडांत वाढते, समुद्राचा वारा दिवसरात्र तिच्यावरून वाहतो, म्हणून रसात मीठ उतरतं. तीच वेल डोंगरात लावली तर रसाला गवताचा वास येतो. समुद्रापलीकडे दुसऱ्या देशात नेली तर तिथले लोक तिला वेगळ्याच नावानं हाक मारतात आणि आमचीच आहे म्हणून भांडतात. हे सगळं त्यानं अंगणात बसून काडीनं मातीवर बेट काढून सांगितलं. इस्तारीला त्यात नवल वाटलं नव्हतं. तो धिवर माणूस, मासेमारीवर जगणारा. मरळ मासा एकच, पण बोडीच्या साचल्या पाण्यातली मरळ चिखल खाते आणि वैनगंगेतली रेती, हे खाणाऱ्याला पहिल्या घासात कळतं. कुंताही म्हणाली होती, "बरडीवरचा मोह अन बांधावरचा मोह एक लागते का?" फक्त एक गोष्ट तिच्या मनात बसली. समुद्र. समुद्र तिनं पाहिला नव्हता, पण तिथं मासोळ्या असतात एवढं तिला पक्कं माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून ती मासोळी धुतलेलं पाणी त्या वेलीच्या बुडाला ओतू लागली. अंतूभाऊ विहिरीवरून आला आणि बुडाशी खवले चमकताना पाहून डोक्याला हात लावला. "नाही, बाई, मासा नाही." कुंता त्याला समजावण्याच्या सुरात म्हणाली, "तिले बरं वाटते गा. पाय कशी हिरवी होऊन राह्यली. माहेरचा वास आला तं कोनाले बरं नाई वाटत?" अंतूभाऊला त्यातलं माहेर कळलं नाही, कुंतानं ते त्याला किती वेळ समजावलं होतं, हात हलवत, डोळे मोठे करून. इस्तारीला ते हात आठवले. डोळे आठवायला गेला तर धबधबा आला.

नदीच्या पुलावर गाडी हळू झाली. खाली पात्र आटून रेतीचे पट्टे पडले होते, कुठंतरी डोहात डोंगा उभा होता. बाजूच्या बाईनं विचारलं, "कुठी जाऊन राह्यले बाबाजी?" "आरमोरीच्या अलीकडं, देवटोल्याले." "लगन हाये का?" "नाई. झाड पाहाले." बाईनं मान हलवली, जशी म्हाताऱ्यांपुढे हलवतात, आणि डबा उघडून बसली. इस्तारी परत आठवणीत गेला. वेलीला पहिली फळं लागली तेव्हा अंतूभाऊ नव्हता. त्या मुलखात परक्या माणसाला राहू देणं बरं नव्हे असं वरून कुणी ठरवलं, आणि एक दिवस जीप आली, त्यानं आपली बॅग टाकली, वेलीला हात लावला आणि गेला. जाताना कुंताला हातांनी दाखवून गेला, घड पिकला की कात्रीनं असा, देठापासून, अलगद. कुंतानं हो म्हटलं. फागुन संपता संपता घड पिकले, पिवळे पडले, उन्हात आतलं बी दिसायला लागलं, तरी ती हात लावीना. लावू देईना. "तोडाचं काऊन?" ती म्हणायची. "मोह तोडतो का आपन? पिकलं का झाड आपल्या मनानं देते. आपन वेचाचं." इस्तारी म्हणाला, "अवो, हे द्राक्ष हाये. हे पडत नाई, हे सडते." "तुमी तलावाचं पाहा." पाखरं आली, गांधीलमाश्या आल्या, अर्धे घड त्यांनी नेले. रुखमाबाई कुंपणापलीकडून रोज चिडवायची, "कुंते, तुह्या द्राक्षाले मंतर घालू का पडाले?" कुंता मात्र रोज पहाटे, मोह वेचायला वाकली की मांडवाखालीही झाडून ठेवायची, वाळली पानं एका बाजूला जाळायची, जमीन आरशासारखी करायची, आणि वाट बघायची. आणि मग पडली. सगळी नाही. सुरकुतलेली, मधासारखी झालेली, एकेक करून, मोहाच्या फुलांमधे. पहिली ओंजळभर तिनं झाडाच्या बुडाशी ठेवली, लावणाऱ्याच्या नावानं, कारण नवं आधी आपण खात नाही. मग एक इस्तारीच्या तोंडात घातलं आणि आपला हात त्याच्या हनुवटीखाली धरला. बी जमिनीवर थुंकलेलं तिला चालायचं नाही. बी तळहातावर घ्यायची. "कसं लागते?" "गोड." "थांबा. घाई नोका करू. मागून येते ते."

काय यायचं? गाडी गडचिरोलीच्या स्टँडवर थांबली, विकणारे खिडकीशी ओरडू लागले, आणि इस्तारी डोळे मिटून बसला होता, तिथपर्यंत येऊन, तिच्या तळहातावरच्या कातडीच्या रेघा दिसेपर्यंत येऊन, आणि तोंड कोरडं. ती काहीतरी म्हणाली होती, ते कशासारखं लागतं ते. तिनं एका शब्दात सांगितलं होतं आणि तो हसला होता.

देवटोल्याला उतरला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मोह लांबूनच दिसला. खोडावर कमरेच्या उंचीवर लाल रंगाचा चट्टा आणि पांढरा आकडा. मांडव कधीचा पडून गेला होता, खांबांची बुडं वाळवीनं खाल्ली होती, मोरीत गवत वाढलं होतं. वेल दिसली नाही. धनराज म्हणाला ते खरं, असं मनाशी म्हणून तो दगडावर बसला आणि पाणी पिण्यासाठी मान वर केली तेव्हा त्याला दिसली. ती मोहावर होती. मांडव पडताना तिनं मोह धरला होता. मनगटाएवढं खोड मोहाच्या खोडाला पिळा घालून वर गेलं होतं, आणि मोहाची पानं गळून फांद्या उघड्या पडल्या होत्या तिथं तिची पानं होती, आणि अगदी शेंड्याशी, हात पोचणार नाही, शिडी पोचणार नाही, अशा जागी थोडे घड. त्याच फांदीवर मोहाचे गुच्छ. कुणी पाणी घातलं नव्हतं, कुणी छाटलं नव्हतं. इस्तारीला रडू आलं नाही. त्याला वाटलं, ही दोघं इतकी वर्षं इथं राहत होती आणि आपण तिकडं कूलरसमोर बसलो होतो.

"इस्तारीभाऊ का?" रुखमाबाई काठी टेकत आली. दात गेले होते, आवाज तोच. "आले का झाडाच्या मयतीले?"

"हो."

"परवा मशीन येते म्हनते. मी म्हनलं त्याहीले, बापा, मोह पडू तं द्या, मंग पाडा. तं तो साहेब हसते." ती वर बघत होती. "कुंता लगन लावून गेली पाहा त्याहीचं."

"फळं येते का वो?"

"येते ना. थोडी. पाखरं खाते, मी खातो. पाडून देऊ का? लंबा बांबू हाये घरी. आताच पाडतो, चार वाजताच्या गाडीनं निघून जाजा."

चारची गाडी होती. ती चुकली तर दुसऱ्या दिवशीच. बांबू पाच मिनिटांचं काम. इस्तारी त्या घडांकडे बघत राहिला. उद्याचा दिवस आहे, परवा झाड नाही; कुंताचा नियम झाड उभं असेल तोवरचा. आता कुठला नियम आणि कुणासाठी? बांबूनं खाली आलेलं द्राक्षही द्राक्षच. पण पाडलेल्यात ते नसलं तर? मग कळणार कसं, की ते नव्हतंच, की आपण घाई केली म्हणून आलं नाही? "नोको," तो म्हणाला. "सकाळी पडन ते वेचतो." रुखमाबाईनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या बिनदाती तोंडावर हसू आलं. "मंतर घालू का?" ती म्हणाली.

रात्री त्यानं तिच्याकडे भाकर आणि झिंग्याची चटणी खाल्ली आणि ओसरीवर झोपला. पहाटे मोहाच्या फुलांच्या पडण्यानं जाग आली. तो आवाज कानाला ऐकू येतो असं म्हणवत नाही; अंगाला येतो. टप, मग थांबून टप, मग दोन एकदम. वास इतका दाट की उठून चालताना त्यातून वाट काढावी लागत होती. रुखमाबाई टोपली घेऊन आधीच वाकली होती. इस्तारी दुसऱ्या बाजूनं वाकला. गुडघे दुखत होते. पांढऱ्या फुलांमधे चाचपडत गेला, फुलं, फुलं, बुळबुळीत, मऊ, आणि मग एक घट्ट. उचललं. सुरकुतलेलं, टोकाशी तपकिरी, मोहाचा रस लागून चिकट झालेलं. मग आणखी, इकडे एक, तिकडे दोन. ओंजळ भरेल एवढीही नव्हती. त्यातली काही त्यानं बुडाशी ठेवली, लाल चट्ट्याखाली, अंतूभाऊच्या नावानं, तो कुठं असेल नसेल. एक तोंडात टाकलं.

गोड लागलं. मोहाचा वास आला, नाकातून डोक्यात गेला. बी दाताखाली आलं, ते त्यानं हातावर घेतलं. मग तो थांबला. कुणी हाक मारेल म्हणून उभं राहावं तसा उभा राहिला. गोड विरलं. वास विरला. पूर्वेकडे तांबडं झालं, एक कोंबडा आरवला, रुखमाबाईची टोपली खरखरली. मागून काही आलं नाही. त्यानं दुसरं खाल्लं, साल दातांनी चिरडली, जिभेवर घासली. नाही. "कसं लागते?" रुखमाबाईनं विचारलं. "गोड," तो म्हणाला. आणि त्याला वाटलं, आता खरंच कुणी उरलं नाही त्या घरात. शेवटची वस्तूही गेली, आणि ती कुणी नेली नाही, आपलीच जीभ म्हातारी होऊन गप्प बसली. मोहाकडे त्यानं पुन्हा पाहिलं नाही. उरलेली द्राक्षं रुमालात बांधली, कारण टाकवेनात. रुखमाबाई रस्त्यापर्यंत आली. म्हणाली, "इस्तारीभाऊ, येत राहाजा." दोघांनाही ते खरं वाटलं नाही, तरी दोघांनी माना हलवल्या.

परतीच्या गाडीत त्याला झोप लागली आणि पूल कधी गेला कळलं नाही. घरी पोचला तेव्हा दुपार होती. भाग्यश्रीनं पाणी दिलं, रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. "मामाजी, झाड पाहालं?" "पाहालं." "वेल?" "होती." एवढं बोलून तो भिंतीला टेकला. रोशनी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि सरळ त्याच्या रुमालाशी गेली, कारण आबाजी गावाहून काही आणतात हे तिला माहीत होतं. गाठ सोडून तिनं आत पाहिलं आणि नाक मुरडलं. "हे काय आहे? मनुके?"

"द्राक्ष हाये. खाऊन पाय."

"घाण दिसते." पण तिनं एक उचललं, फ्रॉकला पुसलं, तोंडात टाकलं आणि भुवया वर केल्या. गोड लागलं होतं. ती चावत होती आणि इस्तारी कूलरच्या जाळीकडे बघत होता. मग तिचं चावणं थांबलं. तोंड वाकडं झालं. डोळे बारीक करून ती घशात काहीतरी शोधत असल्यासारखी बसली.

"आबाजी, हे मागून कडू लागून राह्यलं."

इस्तारी हलला नाही. "कसं कडू?"

"आधी नाई, आता." तिनं विचार केला, जीभ ओठांवरून फिरवली. "आई खिरीत चारोळी टाकते ना, त्याच्यात एखादी खराब निघते, तशी. थुंकू का?"

चार. चाराची बी, म्हणजे हीच चारोळी. जंगलातून वेचून आणलेल्या चाराची दगडावर फोडलेली बी, त्यातली एखादी अशी निघते, आणि कुंता म्हणाली होती, चारासारखं, आणि तो हसला होता, कारण समुद्रापलीकडून आलेल्या वेलीत चार कुठून येणार? "थुंकू का?" रोशनी पुन्हा म्हणाली, गाल फुगवून. इस्तारीचा हात उठला आणि तिच्या हनुवटीखाली जाऊन पसरला.

"इथी टाक."

तिनं टाकलं. दोन बिया, ओल्या, तळहाताच्या रेघेत येऊन थांबल्या. रोशनीनं तोंड पुसलं, पुन्हा जीभ फिरवली, आणि रुमालाकडे पाहत म्हणाली, "आणखी एक देता का?" त्यानं डाव्या हातानं रुमाल तिच्याकडे सरकवला. उजवा तसाच धरून ठेवला.